देवीच्या वाटेवरचा विलायती माल

"ताई, पुण्याला जाऊन आलात म्हणे?"

"पुण्याला नाही हो वहिनी, औंधला."

"मग तेच की! आमच्या नणंदेच्या मुलीने औंधलाच फ्लॅट घेतलाय."

"ते पुण्याचं औंध. आमचं साताऱ्याकडचं. खटाव तालुक्यातलं, पंतप्रतिनिधींचं औंध."

वहिनींनी पिळलेला टॉवेल खांद्यावर टाकला आणि कोपरं भिंतीवर टेकली. त्यांनी कोपरं टेकली की निदान अर्धा तास तरी त्या हलत नाहीत, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी आधी आत जाऊन गॅस बंद करून आले. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. घरं बांधली तेव्हा उंच करायची म्हणत होते, पण तेव्हा पैसे संपले ते बरंच झालं.

तर औंध. आमच्या सासरची कुलदेवी यमाई. पुतण्याचं लग्न झालं, नव्या जोडप्याला घेऊन ओटी भरायला जायचं होतं. पहाटे बोईसरहून निघून चिल्हार फाट्याला हायवेला लागलो. सासरे म्हणजे नाना आणि सासूबाई मागच्या सीटवर, नवरा-नवरी त्यांच्यात दबलेली. सातारा ओलांडून रहिमतपूरवरून औंध येतं. गावाबाहेर डोंगर, डोंगरावर यमाईचं मूळपीठ.

"हे सगळं मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "प्रसाद खाल्लाय मी तुमच्या देवीचा. नवीन काय ते सांगा."

नवीन ते डोंगराच्या अंगालाच आहे. देवीच्या वाटेवर एक संग्रहालय आहे, श्री भवानी चित्रसंग्रहालय. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते, त्यांना सावलीत बसायचं होतं, म्हणून आत शिरलो. हातात ओटीचं ताट, पिशवीत नारळ, कपाळावर मळवट, आणि समोर विलायती चित्रं नि पुतळे.

"देवीच्या डोंगरावर साहेबांची चित्रं?"

"साहेबांची आहेत, आपली आहेत, पहाडी राजांच्या चित्रकारांचीही आहेत. रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत. हस्तिदंतावरचं कोरीवकाम आहे. आणि विलायतेतल्या मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या नकलाही आहेत."

"नकला म्हणजे? डुप्लिकेट?"

बोईसरच्या बाजारात वावरलेल्या बाईने दुसरं काय विचारायचं! ओट्यावर झोपाळ्यात बसलेल्या नानांनी पेपर खाली केला. नाना निवृत्त शिक्षक. तारखेशिवाय त्यांना बोलता येत नाही, आणि आमच्या गप्पांत कुठे फट दिसली की ते तिच्यात सनावळी भरतात.

"डुप्लिकेट नव्हे हो सूनबाई," नाना म्हणाले. शेजारची असली तरी तीही त्यांची सूनबाईच. "तेव्हा फोनवर चित्र दिसत नव्हतं. रंगीत छपाईसुद्धा जेमतेम. खटावच्या पोराने इटलीतलं चित्र बघायचं कसं? तर कुणीतरी चांगल्या हाताने त्याची नक्कल करायची. मुंबईत १८५७ ला जे. जे. स्कूल निघालं, तिथली पोरं तरी काय करायची? ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून रेघोट्या ओढायची. आणि साहेबही आपली नक्कल करतच होता. जे. जे.चे ग्रिफिथ्स साहेब पोरांना घेऊन अजिंठ्याला वर्षानुवर्षं जात होते, भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवून लंडनला पाठवत होते. १८८५ च्या आगीत त्यातली बरीचशी तिकडे जळली."

"जळली? मेहनतीने काढलेली?"

"जळली."

वहिनी चुकचुकल्या. इतक्या चुकचुकल्या की जणू त्यांच्याच घरातलं काही गेलं. नानांना श्रोता सापडला, आणि मग झोपाळा थांबला.

औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची गोष्ट आमच्या नानांनी सांगावी. जन्म १८६८ चा. पुण्यात शिकून पदवी घेतलेली, १९०९ ला गादीवर आले. संस्थान केवढं, तर बहात्तर गावांचं. कोल्हापूर-बडोद्याच्या पुढे काहीच नाही. पण राजा स्वतः ब्रश धरणारा. रामायणावर त्याने चित्रं काढली, ती १९१६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तिच्यासाठी लाख रुपयांचा शब्द दिला आणि चित्रंही स्वतःच काढायला घेतली. अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. १९३५ ला इंदूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. कीर्तन करायचा. आणि सूर्यनमस्कार! रोज घालायचा, प्रजेला घालायला लावायचा, शाळांमध्ये सक्तीने.

"हो, आमच्या शाळेत घालायचे ना! म्हणजे ते या राजाचेच?"

"त्यानेच ती मोहीम सुरू केली. १९३८ ला हे संग्रहालय काढलं, आणि त्याच वर्षी आपला अधिकार प्रजेला द्यायचं ठरवलं. गांधीजींना विचारून राज्यघटना केली, १९३९ च्या जानेवारीत लागू केली."

सांगता सांगता नाना आटपाडीकडे वळले. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडहून आलेला इंजिनियर राजाच्या मदतीला होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढली, तिथे जन्मठेपेचे कैदी बेड्यांशिवाय शेती करायचे. त्यावरून शांतारामबापूंनी १९५७ ला 'दो आंखें बारह हाथ' काढला. त्याची कथा गदिमांची, आणि गदिमा त्याच संस्थानच्या मुलखातले.

"तो सिनेमा औंधचा?" वहिनींचे डोळे चमकले. "आता मात्र तुमचं औंध कळलं मला."

मी म्हटलं, नाना, जरा थांबा, आपण चित्रांपर्यंत पोहोचलोच नाही. नानांनी पेपर वर केला, पण एक डोळा आमच्याकडेच.

"ताई, एक सांगा," वहिनी म्हणाल्या, "कीर्तन करणारा माणूस, सूर्यनमस्कार घालणारा, देवीचा भक्त. त्याला विलायती चित्रं कशाला हवीत? आणि हवी असतील तर महालात ठेवावीत. देवीच्या वाटेवर कशाला?"

हाच प्रश्न मलाही तिथे पडला होता, आणि खरं सांगायचं तर तिथून निघेपर्यंत तो सुटलाही होता. महालात ठेवली असती तर दिवाण नि पाहुणे यांनीच बघितली असती. देवीच्या वाटेवर ठेवली की सगळा मुलूख बघतो. मी होते तेव्हाच माझ्यापुढे एक आजी होत्या, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात खणनारळाची पिशवी. त्या दर चित्रासमोर थांबत होत्या आणि प्रत्येक चित्रातल्या बाईविषयी सुनेला काहीतरी सांगत होत्या. मुंबईच्या म्युझियममध्ये आम्ही गेलो होतो तेव्हा लोक कसे कुजबुजत चालतात, पाटी वाचतात, घड्याळ बघतात. तिथेही टाटांनी जमवलेली विलायती चित्रं आहेत, सुंदर आहेत, पण त्यांच्यासमोर उभं राहताना आपण परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. औंधला तसं काही वाटत नाही. देवीला आलेली माणसं आहेत, चालता चालता चित्रंही बघतात.

"बघतात की मुरडतात? विलायती पुतळ्यांना कपडे कुठे असतात!"

मला हसू आलं. सासूबाईंच्या बाबतीत मलाही तीच धास्ती होती. पण सासूबाई पुतळ्यांसमोरून सरळ पुढे गेल्या. आमच्या नव्या नवरीने मात्र मान खाली घातली, नि नवऱ्याने वर. सासूबाई अडल्या त्या एका छोट्याशा दगडी शिल्पापाशी. आई आणि मूल. हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचं.

"मोठा होता?"

"जगातल्या मोठ्यांतला मोठा. लंडन-न्यूयॉर्कमध्ये त्याचे पुतळे चौकाचौकांत आहेत. आणि त्याचं एक काम इथे यमाईच्या डोंगरावर."

नाना पेपरातूनच बोलले: "जन्म १८९८, मृत्यू १९८६. यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्डचा. बाप कोळशाच्या खाणीतला कामगार."

"म्हणजे आपल्यासारखाच, एमआयडीसीतला," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने कुठल्याही कारखान्यात, खाणीत, प्लँटमध्ये पाळी करणारा माणूस एमआयडीसीतलाच.

मूरने आयुष्यभर आई आणि मूल हाच विषय घडवला, पुन्हा पुन्हा. नाकीडोळी रेखीव करण्याची त्याला हौस नव्हती. आईचा वळसा, कुशीतला गोळा, तो भार, एवढं त्याला पुरायचं. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हिला चेहरा कशाला हवा, मांडीवर पोर आहे ना. एवढं बोलून त्या निघाल्या. त्यांच्या आयुष्यात मी ऐकलेली कलेवरची ती एकच टीका, आणि माझ्या मते ती पुष्कळ मोठमोठ्या लेखांपेक्षा सरस आहे.

भिंतीपलीकडे इतका वेळ चाललेली खटखट थांबली होती. वहिनींचे यजमान, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, डायचं काम करतात. चिंचणी-तारापूर पट्ट्यात हे काम घरोघर चालायचं, आता कमी झालंय. पोलादाच्या तुकड्यात दागिन्याचा ठसा कोरायचा, सोनाराने त्यावर पत्रा ठोकला की नक्षी उठते. सगळं उलटं बघावं लागतं. जे वर यायचं ते खोल कोरायचं. भाऊंचा एक डोळा भिंगाने अर्धवट मिटलेलाच असतो.

"दगड थेट कोरायचा का तो?" भाऊंनी आतून विचारलं. "की आधी मातीचं करायचा?"

हा प्रश्न कारागिराच्या पोटातला होता. मी नानांकडे बघितलं. नानांनाही उत्तर येत नव्हतं, हे पहिल्यांदाच घडलं. पण पुस्तकात मी वाचलं होतं, म्हणून सांगितलं: तरुणपणी मूरचा हट्टच तो होता. आधी मातीत घडवून मग कारागिराकडून दगडात उतरवून घ्यायची जुनी पद्धत त्याला नको होती. स्वतः छिन्नी घ्यायची, दगडाला भिडायचं, आणि दगड दगडच दिसला पाहिजे, मऊ कातड्यासारखा नाही.

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "पोलादालाही सोन्यासारखं दिसायला सांगितलं तर चुकतं." आणि पुन्हा खटखट सुरू झाली.

वहिनींनी मान हलवली. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने एका दिवसात एवढं बोललेलं त्यांना आठवत नसावं.

"बरं, पण मला हे विलायती-विलायती काही पटलं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या देवघरात तर विलायती असं काही नाही."

तेव्हा मी त्यांना त्यांच्याच देवघराची आठवण करून दिली. तिथली लक्ष्मी, कमळात उभी, मागे हत्ती. ते चित्र ज्याच्या घराण्यातलं, त्या रविवर्म्याने तैलरंग शिकले ते त्रावणकोरच्या राजवाड्यात आलेल्या थिओडोर जेन्सन नावाच्या विलायती चित्रकाराचं काम बघून. कपड्याची चुणी, दागिन्यावरचा उजेड, मागे धुक्यात गेलेली झाडं, ही सगळी तिकडची रीत. मग १८९४ ला त्याने मुंबईत छापखाना काढला, आणि त्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. आपल्या आज्यांनी हात जोडले ते त्याच रंगरीतीला.

"म्हणजे माझी लक्ष्मी साहेबी वळणाची?"

"वळण तिकडचं, लक्ष्मी आपली."

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी विषय बंद केला. मला वाटतं, औंधच्या राजाचंही असंच काहीसं होतं. त्याला विलायती रीत हाताशी घेऊन रामायण काढायचं होतं. त्याच्या दरबारात पंडित सातवळेकर होते, वेदांचं भाषांतर करणारे, पण मूळचे जे. जे.चे चित्रकार. १९१८ पासून ते औंधात राहिले, स्वाध्याय मंडळ काढलं. त्यांचा मुलगा माधव सातवळेकर मुंबईत शिकून इटली-इंग्लंडला चित्रकला शिकायला गेला आणि पुढे महाराष्ट्राचा कला संचालक झाला. म्हणजे एकाच घरात वेदही आणि फ्लॉरेन्सही.

"पंडितजी नंतर आपल्याच लाइनवर आले," नाना म्हणाले. "१९४८ मध्ये औंध सोडून पारडीला गेले. वापीच्या पलीकडचं स्टेशन, बोईसरवरून सरळ गाडी. वयाची शंभरी गाठली त्यांनी, १९६८ ला गेले."

"आपल्याच लाइनवर तर बडोदाही आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा धाकटा तिकडेच नोकरीला आहे. "तिथलं म्युझियम बघितलंय मी. मोठ्या बागेत. मराठी राजाचंच ना ते?"

सयाजीराव गायकवाडांचं. आणि ते तर आणखी मोठं. महाराजांनी विलायतेतून चित्रं निवडून आणायला मॅरियन स्पीलमन नावाचा जाणकार नेमला होता. चित्रं जमली, इतक्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सगळी चित्रं इंग्लंडातच अडकली. युद्ध संपल्यावर बडोद्याला आली, आणि चित्रदालन उघडलं ते १९२१ मध्ये. पण बडोदा म्हणजे श्रीमंत संस्थान. औंधच्या राजाकडे बडोद्याच्या तुलनेत गुंठाभर जमीन. तरी त्याने हे केलं, म्हणून मला औंध अधिक आवडतं. हा माझा पक्षपात आहे, माहेरचा नाही तर सासरचा.

वहिनी क्षणभर गप्प झाल्या. भिंतीवरच्या शेवग्याची पानं तोडता तोडता म्हणाल्या, "आमच्याकडे कामाला येणारी बाई गंजाडची आहे. ती सांगते, त्यांच्या गावच्या म्हाताऱ्याची चित्रं जपानला आहेत."

गंजाडचा म्हातारा म्हणजे जिव्या सोमा मशे. डहाणू तालुक्यातले. २०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले. आपल्या जिल्ह्याचा एवढा मोठा माणूस, आणि बोईसरच्या रिक्षावाल्याला चित्रालय म्हटलं की स्टॉप आठवतो, चित्र नाही.

वारल्यांच्या लग्नात चौक लिहायचा तो सवाष्णींनी, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर, मध्ये पालघट देवी. पुरुषाने हे करायचंच नसतं. मशेंनी केलं, आणि तेही लग्न नसताना, रोज. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार कागद आणि रंग घेऊन पाड्यावर आले आणि भिंतीवरचं कागदावर उतरलं. मुंबईच्या गॅलरीत लागलं. १९८९ ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेलं. २००३ ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात मशे आणि रिचर्ड लाँग नावाचा इंग्रज कलावंत, दोघांचं काम शेजारी शेजारी मांडलं. आणि जपानात निइगाता प्रांतात तोकामाची नावाचं बर्फाळ गाव आहे, तिथे एका बंद पडलेल्या शाळेत १९८२ ला तोकिओ हासेगावा या माणसाने मिथिला संग्रहालय काढलं. मधुबनीच्या बायका तिथे जाऊन राहिल्या, आपले वारली चित्रकारही गेले, तिथे राहून चित्रं काढली.

"म्हणजे साताऱ्याच्या खेड्यात इंग्लंडचा दगड," वहिनी हिशेब मांडायला लागल्या, "आणि जपानच्या खेड्यात गंजाडचं पीठ."

"अगदी."

"मग आपल्या खेड्यात काय?"

नानांनी पेपर पूर्ण बाजूला ठेवला. बोलले मात्र काही नाही.

"आपल्याकडे ना," मी म्हटलं, "राजाच नव्हता तसा."

"जव्हारला होता की! मुकण्यांचा. त्यांचा जयविलास राजवाडा बघितलाय मी. राजा नसला म्हणून काय झालं? एवढा अणुवीज प्रकल्प, एवढी एमआयडीसी, एवढे कारखाने. १९६९ पासून वीज बनते इथे. कुणाला एक खोली करता येत नाही? मध्ये मशेंची चित्रं, शेजारी चिंचणीचे डाय, दोन-चार विलायती नकलाही ठेवा, आमची काय हरकत! म्हणजे गंजाडच्या पोराला मूर कळेल, आणि प्लँटवर आलेल्या साहेबाच्या पोराला मशे."

एवढं भाषण करून वहिनी दमल्या. मी त्यांना चिकू दिले, घोलवडकडून कुणीतरी पेटीभर आणून दिले होते. त्यांनी एक दाबून बघितला, कच्चा म्हणून परत ठेवला, दुसरा घेतला.

"कुठे ठेवाल ती खोली?" नानांनी आता विचारलं.

"महालक्ष्मीच्या वाटेवर," वहिनी म्हणाल्या. डहाणूची महालक्ष्मी, चैत्रात जत्रा भरते, आदिवासी आणि आपण सगळे एकाच रांगेत. "तुमच्या राजाने तेच केलं ना? देवीला जाताना माणूस निवांत असतो. कुठल्याही कामावर नसतो."

भाऊ हात पुसत बाहेर आले. डोळ्यावरचं भिंग कपाळावर.

"तिथे हस्तिदंताचं काम आहे म्हणालात ना, ताई? काचेत आहे?"

"काचेत."

"जवळ जाता येतं ना? लांबून काही कळत नाही. छिन्नीची रेघ बघायची तर नाक लावावं लागतं."

"काचेला नाक लावलं तर चालेल," वहिनी म्हणाल्या, "तुमचा डोळा तिथेही अर्धाच उघडणार. कधी जायचं बोला."

नाना म्हणाले, सोमवारी संग्रहालय बंद असतं. सासूबाई आतून म्हणाल्या, मंगळवार देवीचा वार, मंगळवारी गर्दी होईल. वहिनी म्हणाल्या, गर्दी असली तर असू द्या, देवीचं दर्शन मंगळवारीच. भाऊ म्हणाले, मंगळवारी सोनाराची ऑर्डर आहे. मग बुधवार ठरला. चारचाकी आमची, डिझेल त्यांचं, आणि पुढच्या सीटवर कोण बसणार यावर अजून बोलणं चालूच आहे.